सुतावरून चंद्र

शनीच्या आयापेटस नावाच्या चंद्राच्या कंबरेला पट्टा आहे. पट्टा म्हणजे डोंगररांग. जवळजवळ काटेकोर विषुववृत्तावरून जाणारी, सुमारे १,३०० किलोमीटर लांब, साधारण २० किलोमीटर रुंद आणि काही ठिकाणी २० किलोमीटरच्या आसपास उंच. आपला एव्हरेस्ट ८.८ किलोमीटरवर संपतो. आणि हा चंद्र केवढा, तर व्यास जेमतेम १,४७० किलोमीटर, आपल्या चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. कॅसिनी यानाने २००४च्या डिसेंबरात पाठवलेल्या फोटोंमध्ये ही रांग पहिल्यांदा नीट दिसली. नारळाच्या दोन करवंट्या एकमेकींवर ठेवाव्यात आणि सांध्यावर जाडसर लिंपण करावं, तसा हा गोळा दिसतो.

आता सांधा दिसला की सांधणारा कोण हा प्रश्न येणारच. २००५ साली रिचर्ड होगलंड या अमेरिकी लेखकाने उत्तर देऊन टाकलं: हा चंद्र नाहीच, कुणीतरी बांधलेलं यान आहे. मंगळावरच्या ‘चेहऱ्या’चा, म्हणजे फोटोत माणसाच्या तोंडासारख्या दिसणाऱ्या टेकडीचा, गाजावाजा करणारे हेच ते गृहस्थ. आयापेटसची कड गोल नसून कोनाकोनांची दिसते, एक बाजू काळी आणि दुसरी पांढरी आहे, घनता पाण्याहून थोडीशीच जास्त म्हणजे आत पोकळ असणार, असं सगळं त्यांनी मांडलं. आजही या मजकुराचे व्हिडिओ फिरत असतात. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात शनी दाखवला की गर्दीतून एक तरी आवाज येतोच, “सर, तो कृत्रिम चंद्र कुठला?”

सुतावरून स्वर्ग गाठणाऱ्यांना आपण हसतो. पण गंमत अशी की या गोष्टींत सूत बहुतेक वेळा खरं असतं. पट्टा खरा आहे, काळी बाजू खरी आहे, कमी घनताही खरी आहे. चुकतं ते पुढे कुठेतरी. नेमकं कुठे, हे पाहायला मला फार आवडतं, आणि त्यासाठी सगळ्यात चांगलं उदाहरण आयापेटसचं नाही, मंगळाच्या फोबोस या चंद्राचं आहे. कारण तिथे सूत धरून निघालेला माणूस पक्का शास्त्रज्ञ होता.

इओसिफ श्क्लोव्स्की हे सोव्हिएत खगोलशास्त्रातलं मोठं नाव. कर्क तेजोमेघातून येणाऱ्या प्रकाशाचा उलगडा करणारा माणूस. १९४५ साली शार्पलेस नावाच्या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाने जुन्या-नव्या नोंदी ताडून दाखवलं होतं की फोबोसचा वेग हळूहळू वाढतोय, म्हणजे तो मंगळाच्या जवळ सरकतोय. का, हा प्रश्न श्क्लोव्स्कींनी १९५०च्या दशकाच्या शेवटी हाती घेतला. स्पुटनिक नुकताच वर गेला होता, हेही लक्षात ठेवा. हवेच्या घर्षणाने उपग्रह कसा खाली येतो हे त्या काळी सगळं जग पाहत होतं.

त्यांची विचारसाखळी अशी. फोबोस खाली येतोय. त्याला काहीतरी अडवतंय. मंगळाची हवा अडवत असेल. पण फोबोस जमिनीपासून सुमारे ६,००० किलोमीटर वर, तिथली हवा नावापुरती. इतक्या विरळ हवेने अडायचं तर वस्तू फारच हलकी हवी. गणित सांगतं, पाण्याच्या एक हजारांश घनतेची. इतका हलका दगड जगात नाही. म्हणजे आत पोकळ. पण निसर्ग इतकं मोठं पोकळ भांडं घडवत नाही. म्हणजे कुणीतरी घडवलंय.

प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर नीट टेकलेली आहे. मी स्वतः हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा चूक दाखवता आली नव्हती. चूक खाली, अगदी पहिल्या दोन पायऱ्यांत होती. शार्पलेस यांनी काढलेला वेगवाढीचा आकडा खऱ्यापेक्षा बराच मोठा होता. मंगळाची हवाही त्या काळी समजत होते तशी नव्हती; १९६५ साली मरिनर ४ हे यान जवळून गेलं तेव्हा ती त्या अंदाजांच्या दहाव्या हिश्शाहूनही विरळ निघाली. आणि फोबोसला अडवणारी गोष्ट हवा नव्हतीच.

ती गोष्ट म्हणजे भरती. समुद्राची नाही, दगडाची. फोबोसच्या ओढीने मंगळाच्या घन जमिनीलाही किंचित फुगवटा येतो. फोबोस मंगळाभोवती ७ तास ३९ मिनिटांत फेरी मारतो आणि मंगळ स्वतःभोवती फिरायला २४ तास ३७ मिनिटं घेतो. चंद्र पुढे पळतो, फुगवटा मागे राहतो आणि मागून चंद्राला थोडं थोडं खेचत राहतो. खेचला गेलेला चंद्र खाली येतो, आणि कक्षा जितकी खालची तितका वेग जास्त. ब्रेक लावल्यावर जोरात धावणारी ही विचित्र गाडी आहे, म्हणून ऐकताना डोकं थोडं गरगरतं. आपल्याकडे याच्या नेमकं उलट होतं: पृथ्वी चंद्रापेक्षा लवकर फिरते, म्हणून फुगवटा पुढे राहतो आणि आपला चंद्र वर्षाला सुमारे ३.८ सेंटिमीटर लांब ढकलला जातो. फोबोस शतकाला सुमारे १.८ मीटर जवळ येतोय. तीनएक ते पाच कोटी वर्षांत त्याचे तुकडे होतील, कदाचित मंगळाभोवती कडं तयार होईल.

१९७१ साली मरिनर ९ने फोटो पाठवले. धातूचा चकचकीत गोळा कुठेच नव्हता, खड्ड्यांनी भरलेला वेडावाकडा बटाटा होता. २७ किलोमीटर लांबीचा. श्क्लोव्स्कींच्या पोकळ चंद्राचा विषय तिथे संपला. निदान संपायला हवा होता.

पण २०१०च्या मार्चमध्ये युरोपच्या मार्स एक्स्प्रेस यानाने फोबोसच्या ६७ किलोमीटर जवळून जाऊन त्याचं वजन नव्याने काढलं. घनता निघाली पाण्याच्या जेमतेम १.९ पट. साधा दगड याहून बराच जड असतो. हिशेब केला तर फोबोसच्या आतली पाव ते तिसरा हिस्सा जागा मोकळी आहे. झालं! ‘पोकळ असल्याचं युरोपने कबूल केलं’ अशा बातम्या सुटल्या. यात फक्त एका शब्दाची गल्लत आहे. रस्त्याकडेला टाकलेल्या खडीच्या ढिगातही तिसऱ्या हिश्शाच्या आसपास हवाच असते, म्हणून त्याला कुणी पोकळ म्हणत नाही. सांदीफटी आहेत, दिवाणखाना नाही. फोबोस बहुधा असाच ढिसाळ दगडगोट्यांचा ढीग आहे, स्वतःच्या वजनाने कसाबसा एकत्र राहिलेला.

फोबोसच्या नावावर आणखी दोन किस्से चालतात. १९८९ साली सोव्हिएत यान फोबोस २ या चंद्राच्या अगदी जवळ पोहोचल्यावर गप्प झालं. शेवटच्या फोटोतली लांबुडकी सावली घेऊन लोकांनी ‘त्याला पाडलं’ असं ठरवलं. यानाचा संगणक बिघडला होता. त्याआधी त्याचं जुळं भावंड फोबोस १ तर पृथ्वीवरून पाठवलेल्या एका चुकीच्या आज्ञेने गेलं होतं, त्यामुळे या मोहिमेला परग्रहावरच्या शत्रूंची गरज नव्हती. दुसरा किस्सा खांबाचा: १९९८च्या एका फोटोत फोबोसवर उभा खांब दिसतो. ती सुमारे ८५ मीटर आकाराची शिळा आहे. क्षितिजाजवळून येणाऱ्या तिरप्या उन्हात आपल्या अंगणातली वीटसुद्धा लांबलचक सावली पाडते.

मंगळाच्या चंद्रांची सगळ्यात जुनी अद्भुत गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिच्यात यान-बिन नाही. जोनाथन स्विफ्टने १७२६ साली गलिव्हरच्या प्रवासात लिहून ठेवलं की मंगळाला दोन चंद्र आहेत. आसफ हॉलने वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेतून ते शोधले १८७७च्या ऑगस्टमध्ये. (हॉल कंटाळून शोध सोडणार होता, बायकोने, अँजेलिन स्टिकनीने, पुन्हा दुर्बिणीपाशी पाठवला. फोबोसवरच्या सर्वांत मोठ्या खड्ड्याला तिचं माहेरचं नाव आहे.) दीडशे वर्षं आधी स्विफ्टला कसं कळलं? कुणी सांगितलं?

स्विफ्टचे आकडे पाहिले की हवा निघून जाते. तो म्हणतो आतला चंद्र १० तासांत फिरतो, बाहेरचा साडेएकवीस तासांत. खरे आकडे ७ तास ३९ मिनिटं आणि ३० तास १८ मिनिटं. अंतरंही चुकलेली. पण स्विफ्टने केप्लरचा नियम मात्र चोख पाळलाय: अंतरांचे घन आणि काळांचे वर्ग यांचं प्रमाण त्याच्या आकड्यांत बरोबर जुळतं. गणित येणाऱ्या माणसाची थाप आहे ती.

मग दोन हा आकडा? तो बहुधा केप्लरकडून. १६१० साली गॅलिलिओने आपला एक शोध अक्षरांची खिचडी करून पाठवला, म्हणजे हक्क राहील आणि गुपितही फुटणार नाही. शोध शनीबद्दल होता: दुर्बिणीतून शनी तीन तुकड्यांचा दिसत होता. ती कडी होती, पण हे गॅलिलिओला कळलेलं नव्हतं. केप्लरने खिचडी सोडवली आणि त्यातून मंगळाच्या जुळ्या सोबत्यांना नमस्कार असं वाक्य काढलं. सोडवणूक पूर्ण चुकली. ग्रह चुकला, शोध चुकला. आणि मंगळाला दोन चंद्र निघाले! पृथ्वीला एक, गुरूला तेव्हा माहीत असलेले चार, मग मधल्या मंगळाला दोन, हे त्याच्या डोक्यात आधीपासून बसलं होतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली ती अशी. गुरूचे चंद्र आज नव्वदच्या वर मोजलेत, म्हणजे एक-दोन-चार या सुंदर सूत्राचं काय झालं ते कळेलच.

योगायोगाने खरं ठरणं आणि बरोबर असणं यात फरक आहे, आणि तो बाहेरून दिसत नाही. माणूस पाहून तर मुळीच कळत नाही. कॅसिनीचंच घ्या, यान नव्हे, ज्याच्या नावाने यान गेलं तो. जोव्हानी कॅसिनीने १६७१ साली पॅरिसहून आयापेटस शोधला. त्याला तो शनीच्या पश्चिमेला दिसे आणि पूर्वेला गेला की गायब होई. कॅसिनीने निष्कर्ष काढला की या चंद्राची एक बाजू काळी आहे आणि तो आपल्या चंद्रासारखाच ग्रहाकडे एकच तोंड करून फिरतो. किती धाडसी कल्पना! एका ठिपक्यावरून. ती शंभर टक्के खरी निघाली. याच कॅसिनीने १६७२ साली आणि पुन्हा १६८६ साली शुक्राचा चंद्र पाहिला. शुक्राला चंद्र नाही. पुढची ऐंशीएक वर्षं बऱ्याच जणांना तो दिसत राहिला, त्याला नेइथ असं नावही मिळालं. अखेर १८८७ साली बेल्जियमच्या स्ट्रूबांने दाखवलं की बहुतेक वेळा तो शुक्राशेजारी आलेला एखादा तारा होता. काही वेळा दुर्बिणीच्या भिंगातलं प्रतिबिंब असणार.

किंवा विल्यम पिकरिंग. १८९९ साली याने शनीचा फीबी हा चंद्र शोधला, फोटोच्या काचेवरून शोधलेला पहिला उपग्रह. सहा वर्षांनी त्याने शनीचा आणखी एक चंद्र जाहीर केला, थेमिस, आणि दोन्हींसाठी त्याला फ्रान्सचं पारितोषिक मिळालं. थेमिस त्यानंतर कुणालाच सापडला नाही. नंतरच्या आयुष्यात आपल्या चंद्रावरच्या एका विवरात हलणारे काळे डाग म्हणजे किड्यांचे थवे असावेत, असंही त्याने गंभीरपणे लिहिलं. थेमिस आणि किडे सोडून देऊ. फीबी लक्षात ठेवा, कारण आयापेटसचं काळं तोंड तिच्यामुळे आहे.

फीबी शनीभोवती उलटी फिरते. तिच्यावर बारीकसारीक उल्का आदळून जी धूळ उडते तिचं एक अफाट, जवळजवळ अदृश्य कडं शनीभोवती आहे. २००९ साली स्पिट्झर दुर्बिणीला ते अवरक्त प्रकाशात सापडलं. आयापेटस या धुळीला समोरून धडकत फिरतो. पावसात स्कूटर चालवली की छाती भिजते आणि पाठ कोरडी राहते, तसं त्याच्या पुढच्या अंगावर धूळ बसते. पण एवढ्याने डांबरासारखा काळेपणा येत नाही, कडाही इतक्या स्पष्ट होत नाहीत. पुढचं काम ऊन करतं. आयापेटसला स्वतःभोवती फिरायला ७९ दिवस लागतात, म्हणजे एकेक दुपार आपल्या कित्येक दिवसांची. धूळ बसलेला भाग काळा म्हणून जास्त तापतो. तापणं म्हणजे तिथल्या हिशेबाने उणे १४४ अंश, पांढऱ्या भागात उणे १६०. एवढा फरक पुरतो. तापलेल्या भागातलं बर्फ, कपाटातली डांबरगोळी विरते तसं, न वितळता थेट वाफ होतं आणि थंड पांढऱ्या भागावर जाऊन पुन्हा गोठतं. काळं आणखी काळं होतं, पांढरं आणखी पांढरं. हा काळा थर इतका पातळ आहे की लहानशी उल्का पडली तरी खालचा पांढरा बर्फ उघडा पडतो, आणि असे पांढरे ठिपके कॅसिनी यानाच्या २००७च्या फोटोंत दिसले. कुणी रंग दिला असता तर इतका पातळ हात मारला नसता, असं मला वाटतं.

कोनाकोनांची कड? शेकडो किलोमीटरचे जुने खड्डे एकमेकांना लागून आहेत. बाजूने पाहिलं की त्यांच्या कडा सरळ रेषांसारख्या दिसतात. कमी घनता? १.०९, म्हणजे मुख्यतः बर्फ आणि थोडा दगड. बर्फ पाण्याहून हलकं असतं हे सरबताच्या पेल्यात दिसतं.

राहिला पट्टा. आणि इथे प्रामाणिकपणे सांगायचं तर शास्त्रज्ञांचं एकमत झालेलं नाही. एक मत असं की आयापेटस तरुणपणी फार वेगाने फिरायचा. आजही त्याचा पोटाकडचा फुगवटा जणू तो १६ तासांत फिरतोय इतका आहे, तरुणपणीचा आकार तसाच गोठून राहिला. त्या मंदावण्याच्या काळात कवच सुरकुतलं असेल. दुसरं मत २००६ साली विंग-हुएन इप यांनी मांडलं: आयापेटसला एकेकाळी स्वतःचं कडं होतं आणि ते खाली कोसळलं. हे मत मला जास्त भावतं, कारण पट्टा नेमका विषुववृत्तावरच का या प्रश्नाचं उत्तर त्यात फुकट मिळतं. कडी आपोआप विषुववृत्ताच्या पातळीतच बसतात, शनीला पाहा. सरळ रेघेसाठी ओळंबा लागतो, पण ओळंबा धरायला गवंडी लागतो असं नाही. शिवाय पट्ट्यावर भरपूर खड्डे आहेत, म्हणजे तो फार जुना आहे, नंतर कुणी बसवलेला नाही.

मग वेडगळ वाटणारं काहीच खरं निघत नाही का? निघतं की. २ मार्च १९७९ला पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स या तिघांचा एक निबंध छापून आला. गुरूचा आयो हा चंद्र, आकाराने आपल्या चंद्राएवढा, सूर्यापासून इतका दूर. तो थंडगार मेलेला गोळा असणार हे सगळे धरून चालले होते. हे तिघे म्हणाले, नाही. शेजारच्या युरोपा आणि गॅनिमिडच्या ओढीमुळे आयोची कक्षा गोल होऊ शकत नाही, त्यामुळे गुरू त्याला प्रत्येक फेरीत कमी-जास्त पिळतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तापते तसा तो आतून तापत असणार, आणि पृष्ठभागावर ज्वालामुखी दिसू शकतील. तीन दिवसांनी व्हॉयेजर १ आयोजवळून गेलं. ८ मार्चला लिंडा मोराबितो यानाचा मार्ग तपासण्यासाठी काढलेले फोटो पाहत होती, तिला आयोच्या कडेला छत्रीसारखा एक ढग दिसला. ज्वालामुखी, चालू अवस्थेतला.

श्क्लोव्स्कींची साखळी आणि या तिघांची साखळी शेजारी ठेवा. दोन्ही चंद्राच्या कक्षेपासून सुरू होतात, दोन्ही अविश्वसनीय ठिकाणी पोहोचतात. वेडेपणाच्या तराजूत टाकलं तर फार फरक पडणार नाही. पण दोघांनीही आपलं म्हणणं असं मांडलं होतं की यान गेलं की होय किंवा नाही कळेल, आणि म्हणून श्क्लोव्स्की चुकले तरी मला त्यांच्याबद्दल आदर आहे. कृत्रिम आयापेटसवाल्यांना मात्र कुठलाही फोटो चालतो. धूसर असला तर लपवलंय, स्पष्ट असला तर बघा किती रेखीव, खड्डे दिसले तर बघा किती जुनं यान.

मिमासचं उदाहरण ताजं आहे. शनीचा हा ३९६ किलोमीटरचा चंद्र, त्याच्यावर १३० किलोमीटरचं एकच भलंमोठं विवर, त्यामुळे एका गाजलेल्या चित्रपटातल्या अंतराळ-शस्त्राशी त्याची तुलना करून लोक थकत नाहीत. विवराकडे न बघता त्याच्या डुलण्याकडे बघणाऱ्यांना २०१४ साली कळलं की तो अपेक्षेपेक्षा दुप्पट डुलतोय: एक तर गाभा रग्बीच्या चेंडूसारखा लांबट असेल, नाहीतर बर्फाखाली समुद्र. २०२४च्या फेब्रुवारीत कक्षेचा हिशेब लावून समुद्राच्या बाजूने कौल आला, २० ते ३० किलोमीटर जाड बर्फाखाली. दहा वर्षांपूर्वी कुणी हे पैजेवर सांगितलं असतं तर मी पैज घेतली असती आणि हरलो असतो.

फोबोसचे चांगले फोटो हवे असतील तर मंगलयानानेही एक काढलाय, १ जुलै २०२० रोजी, सुमारे ४,२०० किलोमीटरवरून; स्टिकनी विवर त्यात ओळखू येतं.

आणि आयापेटस स्वतः पाहायचा असेल तर अंधारी जागा आणि साधारण तीन इंची दुर्बीण पुरते. शनी कुठे आहे ते पाहा, मोबाइलवरच्या आकाशाच्या नकाशात आयापेटस कोणत्या दिवशी शनीच्या पश्चिमेला सगळ्यात लांब असेल ते शोधा. कड्यांच्या रुंदीच्या बारा-तेरा पट अंतरावर एक फिकट ठिपका सापडेल. टायटन या शनीच्या सगळ्यात मोठ्या चंद्रापेक्षा बराच मंद, घाई करू नका. तारीख वहीत लिहून ठेवा. मग ४० दिवसांनी, तो पूर्वेला पोहोचला की, त्याच दुर्बिणीतून पुन्हा शोधा. बहुधा सापडणार नाही.